शब्दांची वेचणी

सकाळी 9
देवळीचे काका खुर्चीत बसलेत, काकू शेजारी. लकवा येऊन चार महिने झाले. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते; तिथं इजा झाली की शब्द अडू शकतात. हाच वाचाघात, ॲफेजिया. अक्कल जागेवर असते. मी कोथिंबिरीच्या जुडीचं चित्र पुढे ठेवते. ओठ हलतात, थांबतात. मग, "सां... सांबार."
माझ्याकडे वाचाउपचार शिकायला आलेल्या पुण्याच्या मुलीनं वहीत फुली मारली. मी ती खोडायला लावली. वर्ध्यात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात.
पुढचा शब्द 'वेचणे'. कोण वेचतं? "बाया." कुठे? "वावरात." काय? काका अडले, काकू बोलायला निघाल्या. "काकू, मनात दहापर्यंत मोजा." त्या बोटं मोजू लागल्या. सातव्या बोटाला काका म्हणाले, "कापूस." क्रियापदाभोवती त्याचे सोबती जमवले की वाक्य उभं राहतं.

11
हिंगणघाटची आजी घडाघडा बोलते, पण अर्थ लागत नाही; आम्ही बोललेलंही तिला नीट उमगत नाही. कार्ल वर्निके या डॉक्टरांनी 1874 मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. घरचे म्हणाले, "भ्रम झाला." तसं नाही. तिच्याशी मी कमी बोलते: हातात वाटी, एक छोटा प्रश्न, सोबत खूण.

दुपारी 1
डबा खाता खाता उद्याचे स्वाध्याय. तयार कार्डांवर बर्फाचा बाहुला असतो. तो इथं कुणी पाहिलाय? म्हणून मीच लिहिते. वेगळं ओळखा: वखर, तिफण, विळा, परात. क्रम लावा: वेचणी, पेरणी, डवरणी. यात शब्दही लागतो, विचारही.

3
सेलूचे गुरुजी सगळ्याला "हो ना" म्हणतात. तसाच, पॉल ब्रोका या डॉक्टरांनी 1861 मध्ये पॅरिसजवळ तपासलेला रुग्ण जवळजवळ फक्त "तां" म्हणे. पण तुकडोजी महाराजांचं भजन लावलं की गुरुजींच्या तोंडून अख्खी ओळ निघते. भजन आलं म्हणजे बोलणं आलं असं नाही. त्या वाटेनं रोजची वाक्यं आणायची. डाव्या हातानं टेबलावर ठेका धरून, चालीत, "पाणी दे." ही रीत 1973 मध्ये बोस्टनच्या तज्ज्ञांनी मांडली. आज तिसऱ्या खेपेला "पाणी" आलं.

संध्याकाळी 5:30
सेवाग्राम रोडवरचं घर. मुलगा आईसाठी पाटी घेऊन आलाय. "बोलता येत नाही तर लिहू दे नं." गांधीजी सोमवारी मौन पाळत, तेव्हा चिठ्ठीवर लिहीत. त्यांची भाषा शाबूत होती. वाचाघातात बहुतेकदा लिहिणंही अडतं. पाटीवर मी चहा आणि पाणी यांची चित्रं काढली. आईनं चहावर बोट ठेवलं.

रात्री 8
नोंदवहीत काकांपुढे लिहिलं: सांबार, बाया, वावर, कापूस. दिवसाचे चार शब्द.
वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं. अडलेल्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. आणि कुणाचं बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर तिथं मात्र थांबू नका. सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.