झोपेसाठी वेगळी बॅटरी

सकाळी ७

सिल्वासात रेल्वे नाही. कारखान्यांतलं सूत, प्लास्टिक, तांब्याची तार सगळं ट्रकनेच वापीला, भिवंडीला, न्हावाशेवा बंदराला जातं. त्यामुळे नरोली रस्त्यावरच्या आमच्यासारख्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा दिवस गेटबाहेर रात्र काढलेल्या गाडीनेच उघडतो. मे महिन्यात तर ठरलेलंच. रात्रभर केबिनमध्ये पंखा फिरतो, टेप चालू, मोबाइल चार्जला. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक् टक्.

आजची पहिली गाडी बीडच्या ड्रायव्हरची. "मिस्त्री, दिवाळीत नव्या घेतल्यात बॅटऱ्या. एवढ्यात कशा बसल्या?"

मीटर लावला. एक १२.६ व्होल्ट, दुसरी ११.८. ट्रक २४ व्होल्टचा, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. कुणीतरी टेपची आणि चार्जरची तार एकाच बॅटरीवरून काढून ठेवलेली. ती रोज रिकामी होते, पण अल्टरनेटरला दिसते ती दोन्हींची बेरीज. मग रिकामी उपाशीच राहते आणि भरलेली जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. दोष बॅटरीचा नव्हता, जोडणीचा होता. ती तार सोडवली, २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवला आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्जवर घेतल्या. "दुपारी या दादा," म्हटलं. "आत्ता घाईत नेल्या तर उद्या पुन्हा इथंच याल."

सकाळी ९.३०

दिवसाचं मोठं काम उभं राहिलं: न्हावाशेवा लाइनचा ट्रेलर, जादा बॅटरी बसवायची. २०२५ पासून नव्या जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे फार बरं झालं. पण तो इंजिनावर चालतो. गेटवर नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवलं तर तासाला दोन-एक लिटर डिझेल जळतं, शेठ ओरडतो. बंद केलं तर पत्र्याच्या त्या डब्यात झोप लागत नाही, आणि न झोपलेला माणूस पुढे चाळीस फुटी कंटेनर ओढतो. म्हणून माझा आग्रह असतो, झोपेची बॅटरी सेल्फच्या बॅटरीपासून वेगळी हवी.

आधी हिशेब. पंखा १ अँपिअर, छोटा फ्रिज सरासरी दीड, दिवा-मोबाइल अर्धा. दहा तासांचे झाले ३० अँपिअर-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे ६० तरी हवेत. १०० च्या दोन सिरीजमध्ये घातल्या की आरामात भागतं. ड्रायव्हर म्हणाला, "पार्किंग एसी लावायचाय." मग गणितच बदलतं. २० अँपिअर धरले तरी सहा तासांचे १२०. त्याला २०० च्या पुढची जोडी लागते. शेठला फोनवर हे आकडे सांगितले. एसी पुढच्या वेळी, असं ठरलं.

दुपारी १२

चॅसिसला अँगलचा बॉक्स, खाली रबर, दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या. जुनी-नवी जोडी लावणं म्हणजे नव्या बैलाला म्हाताऱ्यासोबत जुंपणं.

दोन्ही संचांच्या मध्ये आयसोलेटर. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साडेसव्वीसच्या पुढे गेलं की तो जोडतो, इंजिन बंद पडून खाली आलं की तोडतो. त्यामुळे रात्री काहीही चालवा, सेल्फची बॅटरी शाबूत. वायर मी २५ चौरस मिलिमीटरची घालतो. लोक इथेच पैसे वाचवतात. ४ च्या वायरीतून ६० अँपिअर जाऊ लागले तर जाऊन-येऊन सहा मीटरमध्ये दीड व्होल्ट वाटेतच संपतो. वायर तापते, चार्जिंग रेंगाळतं. फ्यूज वायरीच्या दोन्ही टोकांना, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. वायर घासून चॅसिसला टेकली तर आग कुठूनही लागू शकते. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

दुपारी ३

जेवण उरकून चार्जिंगच्या फळीवर. बीडवाल्याच्या बॅटऱ्या १२० च्या, म्हणून १२ अँपिअर. क्षमतेचा दहावा भाग, त्याहून जास्त नाही. बुचं उघडी, पंखा चालू, जवळ विडी-काडी बंद. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, एक ठिणगी पुरते. हायड्रोमीटरने एकेक सेल तपासला. उपाशी बॅटरीचे पाच सेल वर येत होते, सहावा मागे. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावरच घालतो, आधी भरलं तर फुगून बाहेर येतं. टर्मिनलवरची हिरवट पांढरी भुकटी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावलं. इथल्या पावसाळ्यात ती दुपटीने येते.

बीडवाला चारला आला. सहावा सेल अजून मागेच. बॅटऱ्या बांधून दिल्या, पण आठ दिवसांत पुन्हा दाखवा, म्हणून बजावलं.

संध्याकाळी ६

ट्रेलर चालू केला. आयसोलेटर खट् करून जोडला, जादा बॅटरीवर २८ व्होल्ट. ड्रायव्हरला एवढंच समजावलं: ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी पटकन भरते, उरलेली हळू. न्हावाशेव्याच्या फेरीत ती भरेल. पण शेठने गाडी आठवडाभर वापी-सिल्वासा फिरवली तर नाही भरणार. तेवढ्या अंतरात इंजिन तासभरही चालत नाही. मग इथे आणा, विजेच्या चार्जरवर लावू.

"म्हणजे जवळच्या गाडीलाच जास्त त्रास?" त्याने विचारलं.

"होय. तीच उभी जास्त राहते."

रात्री ८.३०

मोडीत निघालेल्या बॅटऱ्या मोजून वेगळ्या रचल्या. ॲसिड गटारात ओतून शिसं भंगारात देणारे अजून आहेत. मी ॲसिडसकट, उभ्याच, कंपनीच्या डीलरकडे पाठवतो. २०२२ च्या नियमांनी ती परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावरच टाकली आहे.

मसाटच्या एका ट्रकची बॅटरी अजून अर्धीच भरलेली. तिचा ड्रायव्हर म्हणाला, राहू द्या रात्रभर चार्जवर. नाही म्हटलं. माणूस नसलेल्या दुकानात चार्जर चालू ठेवत नाही. क्लिप काढल्या, सकाळी सातला पुन्हा लावणार, तिला दुपारपर्यंत वेळ लागेल.