बोअरच्या चिखलात लाकडाचा धागा

आम्ही मोहन्याच्या बायका. आमच्या गावाचं नाव काढलं की लोकांना एनआरसीचा कारखाना आठवतो. २००९ पासून तो बंद आहे. तिथं लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा निघायचा. लगद्यात असतं सेल्युलोज, म्हणजे कापसात असतं तेच. ते पाण्यात विरघळत नाही, नाहीतर सुती लुगडं पहिल्याच धुण्यात संपलं असतं. म्हणून ते कॉस्टिक सोड्यात भिजवायचं, कार्बन डायसल्फाइड देऊन मधासारखं दाट करायचं आणि बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचं, की धागा तयार.

कॉस्टिकमध्ये भिजलेल्या याच सेल्युलोजला वेगळं रसायन दिलं, तर साध्या पाण्यात विरघळणारी पूड मिळते. तिचं नाव सीएमसी. बऱ्याच टूथपेस्टमध्ये ती असते. आज तिच्याविषयी बोलतोय ते बोअरमुळे.

आपल्या ठाणे जिल्ह्यात काळा पाषाण. इथली गाडी हवेच्या दाबाने हातोडा मारत खाली जाते, भुगा हवेबरोबर वर येतो. पण जळगावकडे तापीच्या काठी किंवा अकोला-अमरावतीत पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखाली वाळू आणि माती यांचे जाड थर आहेत. नुसतं भोक पाडलं तर ते लगेच ढासळेल. तिथं बेंटोनाइट माती पाण्यात कालवून, कधी त्यात सीएमसी घालून, तो चिखल पाइपातून खाली सोडतात. टोकाशी तो जोरात बाहेर पडतो आणि पाइपाच्या बाहेरून भुगा घेऊन वर येतो.

आता या चिखलाकडून दोन उलट्या अपेक्षा आहेत. टोकाशी तो पातळ हवा, नाहीतर पंपावर ताण येतो आणि पातं नीट साफ होत नाही. वर येताना जागा रुंद, वेग कमी. तिथं तो दाट हवा, नाहीतर वाळू परत खाली बसते आणि पाइप अडकतो. पाणी जाड-पातळ होत नाही, तेलही नाही. सीएमसीचं पाणी होतं. तिचे कण म्हणजे लांबलचक साखळ्या, न विंचरलेल्या केसांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. वेगाने वाहताना त्या विंचरल्यासारख्या एका दिशेला होतात आणि सुळकन सरकतात. वेग कमी झाला की पुन्हा गुंता. पंप थांबल्यावर वाळू धरून ठेवण्याचं काम मात्र जास्त करून बेंटोनाइटचं असतं, तो स्वस्थ राहिला की थिजतो.

कारागीर चिखल मोजायला एक नरसाळं वापरतात. त्यातून ९४६ मिलीलिटर साधं पाणी २६ सेकंदांत गळतं, चिखलाला जास्त वेळ लागतो. सोयीचं आहे, पण त्यात एकच आकडा मिळतो. जोरात कसा वाहतो आणि हळू कसा, हे दोन्ही त्यातून कळत नाही.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण. साखळ्यांवर एकाच जातीचा विद्युत भार असतो, त्यामुळे त्यांचे भाग एकमेकांना ढकलतात आणि साखळी ताणलेली राहते. खारं पाणी मिसळलं की तो रेटा जातो, साखळी आखडते आणि चिखल पातळ पडतो. म्हणून पाणी जड असेल तर आधी धुण्याचा सोडा टाकतात. खाऱ्या पाण्यात टिकणारी, जास्त काम केलेली सेल्युलोजची पूडही मिळते.

आता पैशाची गोष्ट. हाच चिखल भोकाच्या भिंतीवर पातळ साय धरतो. ती भिंत सावरते, पण पाण्याची वाटही बुजवते. जाळीचा पाइप बसवल्यावर ती धुऊन काढली नाही, तर खाली पाणी असूनही बोअर कोरडी वाटते आणि फुटाप्रमाणे मोजलेले पैसे गेले. सीएमसीच्या साखळ्या क्लोरीनने तुटतात, त्यामुळे धुण्याच्या पाण्यात ब्लीचिंग घालतात. नंतर ते पाणी उपसून टाकावं लागतं. गटाने अशा गाडीवाल्याशी भाव ठरवताना विचारावं, की धुण्याचा खर्च यात धरलाय का, आणि किती वेळ धुणार. काम झालं म्हणून गाडी निघायच्या घाईत असते. पाणी आधी राखाडी येतं, मग गढूळ, मग नितळ. त्याला कधी काही तास लागतात, कधी अख्खा दिवस.