घरचे सूर संगणकात उतरविताना

घरातील धान्याची कणगी रिकामी झाली, तर पुढच्या सुगीला ती पुन्हा भरते. परंतु घरातील म्हातारा गळा एकदा मिटला, म्हणजे त्यातील गाणी कोणत्याही सुगीला परत येत नाहीत. ही गोष्ट आपण सर्वच जाणतो. तरीही "उद्या बसू, परवा बसू" असे म्हणत दिवस ढकलतो. यास्तव आज आम्ही वाचकांपुढे एक अगदी व्यवहाराचा विषय मांडीत आहोत. घरची वाद्ये, माईक आणि मिक्सर ही संगणकाला नीट जोडून घरच्या घरी ध्वनिमुद्रण कसे करावे, हा तो विषय होय. मिक्सर म्हणजे चटणी वाटण्याचा नव्हे. भजनाच्या मंडपात ज्याच्या बटणांनी प्रत्येकाचा आवाज लहानमोठा करतात, तो.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका फसलेल्या प्रयत्नामुळे. सौंसर तहसिलीतील एका खेड्यात एक वृद्ध आजी होती. वय ऐंशीच्या पुढे. दळण्याचे काम चक्कीवर गेले त्याला किती वर्षे लोटली कोण जाणे; पण जात्यावरच्या ओव्या मात्र तिच्या ओठावर जशाच्या तशा होत्या. नागपुरात शिकणाऱ्या तिच्या नातवाने एक जुना लॅपटॉप घरी आणला, मंडपवाल्याकडून मिक्सर व दोन माईक मागून घेतले, शेजारच्या हार्मोनियमवाल्यास व ढोलकीवाल्यास बोलाविले. दोन तास गाणे झाले. आजी अशी रंगली की तिला थांबवावे लागले.

दुसऱ्या दिवशी सर्वजण ऐकावयास बसले. प्रत्येक चढा सूर फाटलेला, आणि त्या सर्वांच्या तळाशी एक सतत घरघर. आजी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "माहा आवाज असा हाय काय रे, बापू?" नातू आमच्याकडे वळून म्हणाला, "फादर, मशीनच खराब दिसते जी."

मशीन खराब नव्हती. चूक वायरीच्या एका टोकाला होती. ती कोणती, हे सांगण्यापूर्वी अशा मुद्रणाचे मोल काय, ते एका मोठ्या उदाहरणाने सांगतो.

पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ या दोघा कार्यकर्त्यांनी सुमारे वीस वर्षे खेडोपाडी हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. पुढे संगीत आणि संगणक या दोहोंचे जाणकार बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले. त्यांनी ओव्यांची संगणकावर सूची रचली आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण केले. पॉइतवाँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये वारल्या. परंतु त्यांचा संग्रह वाचला. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने तो क्रमाक्रमाने लोकांपुढे आणला. ज्या बायांना अक्षरओळख नव्हती, त्यांचा आवाज आज जगात कोणीही ऐकू शकतो. कागदावर ओवीचे शब्द राहतात. परंतु हेल, दम घेण्याची जागा, शेवटच्या अक्षरावरचे रेंगाळणे हे केवळ ध्वनीतच राहते. जे काम त्या विद्वानांनी शेकडो गावांसाठी केले, ते आपल्या एका घरापुरते करणे आपल्या हाती आहे.

आता त्या चुकीकडे वळू. आवाजाची वाट नदीसारखी आहे. माईक म्हणजे उगम. तेथे आवाजाची वीज होते, पण ती अत्यंत क्षीण. बोलणाऱ्या माणसाच्या माईकमधून व्होल्टच्या हजाराव्या भागाइतकीच काय ती निघते. मिक्सरमधील 'गेन' नावाचे बटण तिला शेकडो पट वाढविते. यामुळे मिक्सरच्या बाहेर पडणारा प्रवाह अर्ध्या-एका व्होल्टच्या घरात असतो. त्यास 'लाइन' पातळी म्हणतात. नातवाने हा मोठा प्रवाह लॅपटॉपच्या माईकच्या छिद्रात सोडला. ते छिद्र तर उगमाच्या थेंबांसाठी केलेले! घागरीच्या तोंडात कालव्याचे पाणी सोडावे, तसे झाले. संगणकाने जेवढे मावले तेवढे घेतले, उरलेल्याचा माथा छाटून टाकला. फाटलेला आवाज तो हाच. आणि एकदा छाटलेला सूर नंतर कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही.

मग करावे काय? टेबलावरचा मोठा संगणक असेल, तर त्याच्या मागे बहुधा तीन रंगीत छिद्रे असतात. गुलाबी माईकचे, हिरवे कर्ण्याचे किंवा हेडफोनचे, आणि फिकट निळे 'लाइन-इन'चे. मिक्सरची वायर या निळ्या छिद्रातच जावयास हवी. लॅपटॉपला असे निळे छिद्र सहसा नसते. त्यासाठी 'ऑडिओ इंटरफेस' नावाची एक लहान पेटी मिळते. ती यूएसबीच्या वायरीने संगणकाला जोडतात. तिच्यावर माईकसाठी आणि लाइनसाठी योग्य जागा असतात, आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याचे काम तीच उत्तम रीतीने करते. काही मिक्सरांत ही सोय आतच असते. त्यांना यूएसबी मिक्सर म्हणतात. विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी: सर्व वाद्ये संगणकात वेगवेगळी उतरतात, की डावा आणि उजवा अशा दोनच धारांत कालवून? बहुतेक स्वस्त मिक्सर कालवूनच देतात. वरणात मीठ जास्त पडले तर ते काढता येत नाही. तसेच ढोलकी जास्त पडली तर तीही मागाहून काढता येत नाही. म्हणून अशा मिक्सरवर आधी एक ओळ गाऊन, ती हेडफोनने ऐकून, प्रमाण पक्के करावे व मगच खरे मुद्रण सुरू करावे.

संगणक आवाज कसा साठवितो, हेही थोडक्यात समजून घेऊ. तो आवाजाचे माप घेतो. एका सेकंदात ४४,१०० वेळा. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचे हेच माप होते आणि आजही ते चालते. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकू येते. त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले म्हणजे कानाला उणीव भासत नाही. या मापाने एका मिनिटास सुमारे दहा एमबी जागा लागते. एक तासाच्या गाण्यास सहाशेच्या आसपास. मुद्रणासाठी 'ऑडॅसिटी' नावाचा कार्यक्रम २००० पासून विनामूल्य मिळतो. घरच्या कामास तो पुरेसा आहे. त्यात आवाज कोठून घ्यावयाचा ते आधी निवडावे लागते. ते न केल्यास संगणक आपल्या पोटातला बारका माईकच चालू ठेवतो, आणि आपण मात्र मिक्सरची बटणे फिरवीत बसतो! यावर सोपी परीक्षा अशी: मुद्रण चालू करून लॅपटॉपच्या अंगावर नखाने टिचकी मारावी. टिचकी मोठ्याने उमटली, तर निवड चुकली आहे.

आवाजाची पातळी ठेवताना लोभ धरू नये. संगणकाच्या मापात शून्य हे छत आहे. त्याच्या वर काहीच नाही. सर्वांत मोठा सूर उणे बाराच्या आसपास राहील, अशा बेताने गेन लावावा. गाणारा रंगात आला की आवाज चढतो, हे आपण मंडपात नेहमीच पाहतो. हळू आलेला आवाज नंतर वाढविता येतो. फाटलेला शिवता येत नाही.

आता ती घरघर. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास वेळा हेलकावते, आणि तोच हेलकावा वायरीत शिरला की खर्जातली घरघर होते. मिक्सर एका भिंतीच्या प्लगवर आणि लॅपटॉप दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर असला, म्हणजे हे विशेष घडते. दोन्ही एकाच बोर्डावर लावावीत. लॅपटॉप मुद्रणापुरता बॅटरीवर चालवावा. माईकच्या वायरी विजेच्या वायरींना लगटून नेऊ नयेत. माईकसाठी तीन पिनांचीच वायर वापरावी. तिची रचनाच अशी असते की वाटेत शिरलेला गोंगाट परस्पर रद्द व्हावा. येथे एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. घरघर थांबावी म्हणून काही मंडळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. असे कदापि करू नये. गाण्याची घरघर परवडली. हातात माईक धरलेल्या माणसाला विजेचा धक्का परवडत नाही.

वाद्ये जोडण्याच्या रीतीही निराळ्या. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला माईक लागत नाही. त्याच्या मागची 'लाइन-आउट'ची वायर थेट मिक्सरच्या लाइनच्या छिद्रात जाते. गिटारला आतून पिकअप असेल तर 'डीआय' पेटीतून, अथवा इंटरफेसवरील 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेल्या जागी जोडावी. हार्मोनियमला माईकच हवा; परंतु तो भात्याजवळ धरू नये, नाहीतर सुरांपेक्षा भात्याचा श्वासच जास्त ऐकू येतो. फूट-दीड फूट अंतर ठेवावे. ढोलकी, खंजिरी, टाळ ही मोठ्या गळ्याची भावंडे. त्यांना मागे बसवावे आणि म्हाताऱ्या माणसास माईकच्या जवळ, वीतभर अंतरावर. मंडपातल्या साध्या माईकला वेगळी वीज लागत नाही. कंडेन्सर जातीच्या नाजूक माईकला मात्र मिक्सरवरील ४८ व्होल्टचे बटण दाबावे लागते. कर्णे बंद ठेवून हेडफोननेच ऐकावे. अन्यथा कर्ण्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये जाऊन शिट्टी वाजू लागते.

ज्यांना आधी वाद्ये भरून मागाहून त्यावर गावयाचे असेल, त्यांना आणखी एक अडचण भेटते. गाणाऱ्याचा आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत यावयास क्षणभर उशीर होतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उशीर म्हणजे स्वतःचा आवाज साडेतीन मीटरवरून ऐकल्यासारखे. तेवढे बहुधा खपते. उशीर त्याच्या कितीतरी पट झाला, की ताल हातातून सुटतो. कार्यक्रमातील 'बफर' कमी केल्याने, किंवा इंटरफेसवरूनच थेट आपला आवाज ऐकल्याने हा दोष जातो.

इतके सर्व समजावून घेतल्यावर नातवाने एक इंटरफेस पेटी मित्राकडून आणली. या वेळी हार्मोनियम नव्हती, ढोलकी नव्हती. पहाटेची वेळ, पंखा बंद, एकच माईक, आणि कोपऱ्यात पडलेले जाते आजीसमोर आणून ठेवलेले. रिकाम्या जात्याचा खुंटा हातात धरल्याशिवाय ओवी नीट आठवत नाही, असे तिचे म्हणणे होते. पहिल्या वेळी दोन तास गाणारी ती आजी त्या पहाटे थंडी-खोकल्याने थकलेली होती. सातच ओव्या झाल्या. मग ती म्हणाली, "आता पुरे जी, बाकीच्या बऱ्या झाल्यावर सांगीन."

त्या बाकीच्या राहूनच गेल्या. उन्हाळा लागण्यापूर्वीच ती देवाघरी गेली. पहिल्या संध्याकाळच्या दोन तासांतील फाटलेला आवाज त्या घराने पुसून टाकलेला नाही. परंतु ऐकवितात त्या सातच ओव्या. मधल्या एका ओवीत खोकला आहे. नातवाने तो कापून काढण्याचे मनात आणले होते; तिच्या लेकीने त्यास हात लावू दिला नाही.

वाचकहो, आपल्याही घरी असा एखादा गळा असेल. मोठे सामान जमेपर्यंत थांबू नका. एक माईक, एक योग्य छिद्र आणि शांत पहाट एवढ्यावर प्रारंभ होतो. आधी एक ओळ घेऊन ऐका, फाटत नाही याची खात्री करा, आणि मगच पुढे गावयास सांगा. मुद्रण झाले की ते मूळ 'वेव्ह' रूपात जपून ठेवा. मोबाईलवर वाटण्यासाठी 'एमपीथ्री' प्रत निराळी काढा. मूळ प्रत दोन ठिकाणी असू द्या: एक घरच्या संगणकात, दुसरी दुसऱ्या एखाद्या नातेवाईकाकडे पेनड्राइव्हवर. आणि त्यासोबत गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि ते गाणे तिला कोणी शिकविले, हे लिहून ठेवावयास विसरू नका. आणखी पन्नास वर्षांनी ते ऐकणारा नातू कदाचित तिचा चेहरा ओळखणार नाही. पण ही आपली कोण, एवढे तरी त्याला कळले पाहिजे.