दुसरी बॅच का भरत नाही? लाकूड कोरणाऱ्यांच्या क्लबकडून शिकू या



चॅनेलवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कुणाचा बेकिंगचा क्लास असतो, कुणाचा रेझिन आर्टचा, कुणाचा गिटारचा. प्रश्न मात्र तोच: "पहिली बॅच फुल झाली, दुसऱ्या बॅचला चारच जण आले. जाहिरात वाढवू का?"

वाढवा, पण त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. पहिल्या बॅचमधली माणसं कुठे गेली? दहा जण शिकून गेले, त्यातले किती जण आज तुमच्या संपर्कात आहेत? किती जणांनी आपल्या बहिणीला, मित्राला तुमच्याकडे पाठवलं? उत्तर 'एकही नाही' असेल तर तुमचा प्रॉब्लेम जाहिरातीचा नाही. माणसं येतात, पण टिकत नाहीत.

आजच्या व्हिडिओत यावर बोललो आहोतच. व्हिडिओत जे पटापट सांगितलं, ते इथे निवांत वाचा. उदाहरण थोडं लांबचं आहे: अमेरिका आणि ब्रिटनमधले लाकूड कोरणाऱ्यांचे क्लब.

घरी बसून होणारं काम, तरी बाहेर का?

आधी हे क्लब कसे असतात ते बघा. छोट्या गावातला एखादा हॉल, लायब्ररीची खोली नाहीतर चर्चची मागची जागा. आठवड्याचा ठरलेला वार, ठरलेली वेळ. लांब टेबलाभोवती माणसं बसलेली असतात. निवृत्त लोक बरेच, पण नोकरी करणारे आणि शाळकरी मुलंही असतात. प्रत्येकाच्या हातात चाकू किंवा पटाशी, समोर ढलप्यांचा ढीग, आणि गप्पा चालू.

अमेरिकेत अशा हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना १९५३ साली सुरू झाली. तिच्या मासिकाचं नाव होतं 'चिप चॅट्स'. चिप म्हणजे ढलपी, चॅट म्हणजे गप्पा. ह्या क्लबचं सगळं गुपित त्या दोन शब्दांत आहे.

आता धंद्याच्या नजरेने बघा. लाकूड कोरायला काय लागतं? एक चांगला चाकू आणि एक ठोकळा. दोन्ही घरी आणता येतं. शिकवणारे व्हिडिओ तर फुकट आहेत. तरी माणूस दर आठवड्याला उठून, गाडी काढून त्या हॉलमध्ये जातो. का जातो? कारण त्याला तिथे जे मिळतं ते घरी मिळत नाही. ते नेमकं काय, हे समजलं की आपल्या क्लासचं कोडं सुटायला लागतं.

१. पहिल्या दिवशी हातात काहीतरी पडतं

नवा माणूस आला की त्याला पहिला तासभर इतिहास सांगत बसत नाहीत. लाकूड धरायच्या हाताला न कापणारा ग्लोव्ह देतात, चाकूच्या हाताच्या अंगठ्याला संरक्षण देतात आणि ठोकळा हातात ठेवतात. तोही साधा ठोकळा नसतो. क्लबमध्ये एखाद्याकडे बँडसॉ असतो. तो आधीच पक्ष्याच्या, सांताक्लॉजच्या किंवा माशाच्या बाह्य आकारात ठोकळे कापून आणतो. त्यामुळे नवशिक्याला अर्धा आकार दिसतच असतो, फक्त पुढे कोरायचं.

लाकूडही विचार करून निवडलेलं असतं. अमेरिकेत बासवूड, ब्रिटनमध्ये त्याच जातकुळीतलं लाइम. मऊ, बारीक पोताचं आणि सहसा न चिरणारं. हे फक्त नवशिक्यांचं लाकूड आहे असं समजू नका. सतराव्या शतकातला इंग्लंडचा प्रसिद्ध कारागीर ग्रिनलिंग गिबन्स याने फुलापानांचं अप्रतिम कोरीवकाम याच लाइमच्या लाकडात केलं. लहान मुलं असतील तर त्यांना आधी साबणाची वडी देतात. साबण कोरायला धारदार चाकू लागत नाही.

तुमच्यासाठी मुद्दा काय? पहिल्या दिवशी माणूस घरी जाताना त्याच्या हातात काहीतरी हवं. 'पुढच्या महिन्यात केक करायला शिकाल' हे पुरेसं नाही. पहिल्या दिवशी चार कपकेक झाले पाहिजेत, घरी गेल्यावर कुणीतरी ते खाऊन 'वा!' म्हटलं पाहिजे.

२. पुन्हा यायला एक कारण ठेवतात

कोरीवकामात नवशिक्या हार मानतो ती बहुतेक वेळा धारेमुळे. बोथट चाकूने लाकूड कापत नाही, फाटतं. मग माणूस जोर लावतो, हात निसटतो आणि लागतं. म्हणूनच कोरणारे सांगतात की बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा जास्त धोक्याचा. आणि 'आपल्याला जमत नाही' असं त्या माणसाला वाटायला लागतं. खरं तर चाकूला जमत नसतं!

यावर उपाय म्हणजे सतत धार राखणं. आपल्याकडे वस्तरा घासायचे तसा चामड्याचा पट्टा, त्यावर पॉलिशची पेस्ट, आणि काम करता करता अधूनमधून चाकू त्यावर ओढायचा. ऐकायला सोपं, पण कोन चुकला तर आहे ती धारही जाते. हे व्हिडिओ बघून पटकन येत नाही. कुणीतरी शेजारी बसून तुमचा मनगट धरून दाखवावं लागतं. क्लबमध्ये असा एखादा जुना माणूस असतोच. त्याच्याकडे चाकू सरकवला की तो गप्पा मारत मारत धार लावून देतो आणि दोन-चार वेळा बघितलं की म्हणतो, आता तूच लाव.

तुमच्या विषयातली ही 'धार' कोणती, ते शोधा. शिवणकामात मशीनचा टेन्शन बिघडतो. गिटारमध्ये ट्यूनिंग बिघडतं. बेकिंगमध्ये प्रत्येकाच्या घरचा ओव्हन वेगळा वागतो. माणूस घरी एकटा जिथे अडतो, तिथे तुम्ही दर महिन्याला भेटणार असाल तर तो येत राहील. कोर्स संपतो, पण ही गरज संपत नाही.

३. गप्पा आपोआप होत नाहीत, त्यांची सोय केलेली असते

बरेच जण म्हणतात, आमच्या बॅचमध्ये काही ट्युनिंगच जमलं नाही. हे नशिबावर का सोडायचं?

या क्लबमध्ये मैत्री जुळावी म्हणून ठरवून केलेल्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे 'दाखवा आणि सांगा'. घरी केलेलं काम आणायचं, टेबलावर ठेवायचं आणि दोन मिनिटं बोलायचं. अर्धवट आणलं तरी चालतं, नाक तुटलेला सांताक्लॉजही चालतो. तुटलेल्या नाकावर जास्त सल्ले मिळतात.

दुसरी गंमत म्हणजे राउंड रॉबिन. प्रत्येकाला एक ठोकळा मिळतो. ठरावीक मिनिटं कोरायचं, वेळ संपली की तो शेजाऱ्याला द्यायचा आणि दुसऱ्याचा आपण घ्यायचा. मी घोडा करायला घेतला, पुढच्याने त्याचा कुत्रा केला, तिसऱ्याने त्याला टोपी घातली! शेवटी काय बाहेर येईल ते कुणालाच माहीत नसतं. 'माझं काम' म्हणून जो ताण असतो, तो यात निघून जातो, आणि नवखा व मुरलेला माणूस एकाच ठोकळ्यावर काम करतात.

तिसरी म्हणजे मैत्रीची काठी. प्रत्येक जण छोटे ठोकळे एकमेकांना देतो, समोरचा त्यावर काहीतरी कोरून परत करतो. कुणी चेहरा, कुणी बेडूक, कुणी पान. सगळे ठोकळे एकावर एक ओवून काठी तयार होते. लांब राहणारे लोक पोस्टाने देवाणघेवाण करतात. विचार करा, अशी काठी घरात उभी असेल तर तो माणूस क्लब सोडेल का?

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही.

४. न्हाव्याचं दुकान आणि लाकडी बदकं

सलूनवाल्या मंडळींनी हा भाग नीट वाचा. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात क्रिसफील्ड नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोघे भाऊ न्हावी होते. केस कापता कापता उरलेल्या वेळात ते लाकडी बदकं करायचे. ही बदकं शिकारी लोक पाण्यावर सोडायचे, म्हणजे खरे पक्षी फसून खाली उतरायचे. स्टीव्हचा हात कोरण्यात, लेमचा रंगवण्यात.

गिऱ्हाईक शिकारीच होते, त्यांनी वापरायला बदकं घेतली. पुढे प्लॅस्टिकची बदकं बाजारात आली आणि लाकडी बदकाची ती गरज कमी झाली. पण वॉर्ड बंधूंचं काम तोवर शोभेची कला म्हणून लोक जपायला लागले होते. आज त्यांची जुनी बदकं संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. त्यांच्या नावाने संग्रहालय झालं, आणि १९७१ पासून पक्षी कोरण्याची जागतिक स्पर्धा त्यांच्या नावाने सुरू झाली.

बघा, त्यांच्याकडे क्लब नव्हता, हॉल नव्हता. पण लोक बसतील अशी जागा होती, आणि समोर काहीतरी घडताना दिसत होतं. तुमच्या दुकानातली वेटिंगची खुर्ची आज काय करते? लोक मोबाइल बघत बसतात, एवढंच ना?

५. सगळं विकायचं नसतं

या क्लबमधल्या बऱ्याच वस्तू विकल्या जात नाहीत, दिल्या जातात. तळहातात मावेल असा गुळगुळीत लाकडी पक्षी आजारी माणसाला धरायला देतात. त्याला 'कम्फर्ट बर्ड' म्हणतात. पंख नाहीत, बारकावे नाहीत, फक्त हाताला बरा वाटणारा आकार. ओक्लाहोमातल्या एका क्लबने 'ईगल केन प्रोजेक्ट' सुरू केला. युद्धात पायाला कायमची इजा झालेल्या सैनिकांसाठी काठी करायची, मुठीला गरुडाचं डोकं, काठीवर त्या सैनिकाचं नाव आणि सेवेची माहिती. काठी फुकट. पुढे इतर राज्यांतल्या क्लबनीही हे काम उचललं.

एक माणूस एकटा किती काठ्या करणार? म्हणून सगळे मिळून करतात. नुसत्या गप्पांवर मंडळ काही महिने चालतं. एकत्र मिळून करायचं काम असेल तर वर्षानुवर्षं चालतं.

६. आता पैशाचं बोलू

इथे मात्र एक खरी अडचण आहे. असे क्लब वर्षातून एकदा प्रदर्शन भरवतात, टेबलं लावतात, सोडत काढतात, काही वस्तू विकतात. हौशी माणूस किंमत काय लावतो? समजा एका पक्ष्याला सहा तास लागले आणि त्याने तो ३०० रुपयांना दिला. म्हणजे तासाला ५० रुपये, त्यात लाकडाचा खर्च धरलेलाच नाही. त्याला चालतं, कारण त्याचं घर पेन्शनवर चालतं. पण शेजारच्या टेबलावर ज्याचं पोट याच कामावर आहे, त्याने काय करायचं? त्याने १,२०० सांगितले की लोक म्हणतात, तिकडे तर ३०० ला मिळतंय.

आपल्याकडे सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी करणारी घरं आहेत. तुम्ही त्या भागात लाकडाचा हौशी क्लास सुरू केला आणि विद्यार्थ्यांचं काम मातीमोल भावात विकायला ठेवलं, तर नुकसान कुणाचं होईल ते सांगायला नको. त्यापेक्षा तिथल्याच कारागिराला शिकवायला बोलवा, त्याला तासाचं मानधन द्या.

म्हणून नियम साधा ठेवा. विकायचं तर पूर्ण भावात. नाहीतर भेट द्या. मधला रस्ता नको.

मग कमाई कुठे? कोरीवकामातले अनेक नावाजलेले लोक फक्त वस्तू विकून जगत नाहीत. ते शिकवतात, पुस्तकं लिहितात, अर्धवट कापलेले ठोकळे विकतात.

तुमचं गणित

समजा तुमची बॅच १० जणांची, फी २,५०० रुपये. जमा २५,०००. साहित्य ७,०००, हॉल ४,०००, जाहिरात ५,०००. उरले ९,०००. पुढच्या महिन्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आता जुन्या विद्यार्थ्यांचा रविवारचा गट करा. १२ जण, महिना ४०० रुपये, म्हणजे ४,८००. हॉलचे २,००० गेले की २,८०० उरले. रक्कम छोटी आहे, मान्य. पण हेच लोक साहित्य तुमच्याकडून घेतात आणि हेच नवीन माणूस घेऊन येतात. दर महिन्याला प्रत्येकाने आणायची गरज नाही. बारा जणांनी मिळून तीन माणसं आणली तरी तुमच्या पुढच्या बॅचच्या तीन जागा जाहिरातीशिवाय भरल्या.

या महिन्यात एवढंच करा

जुन्या बॅचच्या सगळ्यांना फोन करा. मेसेज नको, फोन. एक वार ठरवा आणि तो बदलू नका, चारच जण आले तरी. प्रत्येकाला घरी केलेलं काहीतरी आणायला सांगा, बिघडलेलं असेल तर उत्तम. त्यातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याला नव्याच्या शेजारी बसवा. आणि पहिल्या दिवशी काहीही विकू नका.

तीन महिने करून बघा आणि मग मला सांगा, दुसऱ्या बॅचला किती जण आले. तुमच्या विषयातली 'धार' कोणती, तेही नक्की लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही उत्तरांवर बोलू.

भेटू या लवकरच. धंदा करा, पण माणसं जोडून करा!