पनवेलचं मैदान आणि ठेवीदारांचा पैसा

पनवेलकरांना कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमी वेगळी सांगायला नको. आज तिथल्या खेळाबद्दल नाही, पैशाबद्दल बोलू.

ईडीचा आरोप असा: कर्नाळा नागरी सहकारी बँकेत ६०हून जास्त बोगस कर्जखाती उघडली गेली. त्यातून ५०० कोटींहून जास्त रक्कम कर्नाळा चॅरिटेबल ट्रस्ट आणि अकॅडमीकडे वळवली, त्यातून क्रीडासंकुल, शाळा, कॉलेज उभं राहिलं. जून २०२१मध्ये बँकेचे माजी अध्यक्ष, माजी आमदार विवेक पाटील यांना अटक झाली. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं लायसन्सच रद्द केलं. दोषी कोण, ते कोर्ट ठरवेल.

पण बोगस खाती कशाला? कारण नागरी सहकारी बँकेला स्वतःच्या संचालकांना किंवा त्यांच्या संस्थांना कर्ज देता येत नाही. मधे तिसऱ्याचं नाव घातलं, की कागद स्वच्छ दिसतो.

आणि भुर्दंड कुणाला? ठेवीवर विमा ५ लाखांपर्यंतच. त्यावरची रक्कम अडकली. कुणाची पेन्शन, कुणाच्या जमिनीचे पैसे.

तिथे घाम गाळणाऱ्या मुलांचा यात काय दोष? काहीच नाही. पण मैदान चकाचक आहे म्हणून हिशेब चोख आहे, असं नसतं. ट्रस्टला ऑडिट केलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावेच लागतात. तुम्हीही कॉलेजात जिमखाना फी भरता ना? मग ती कुठे खर्च होते, हे एकदा विचारा. बिनधास्त विचारा!