पवनाकाठी तंबूत मुक्काम करताय? मग पाण्याखाली काय आहे ते आधी समजून घ्या

थंडी पडू लागली की शनिवारी दुपारी पुण्या-मुंबईच्या गाड्या लोणावळ्याजवळची दुधिवरे खिंड उतरून पवनेच्या काठाला लागतात. ठाकूरसाई, आंबेगाव परिसरात तंबूंच्या रांगा, बार्बेक्यू, गिटार आणि समोर तुंगचा सुळका. समुद्रकिनारी आल्यासारखे वाटते आणि गडबड इथेच होते. मॅपवर ‘लेक’ लिहिलेले असले तरी हे धरण आहे.

त्याने काय फरक पडतो?

समुद्राच्या वाळूला लाटांनी उतार दिलेला असतो. बऱ्याच किनाऱ्यांवर पाणी गुडघा, कंबर, छाती असे हळूहळू वाढते. पवना धरण 1972 मध्ये पूर्ण झाले आणि पाणी थेट खोऱ्यात भरले. खाली जुनी शेते, बांध, ओढ्यांचे पात्र आहे. दोन पावले गुडघाभर पाणी लागते आणि तिसऱ्या पावलाला बांध संपतो.

शिवाय हा काठ सरकता आहे. पावसाळ्यात धरण भरते. नंतर पाणी नदीत सोडले जाते, पुढे रावेतला ते पिंपरी-चिंचवडसाठी उचलले जाते. त्यामुळे मे महिन्यापर्यंत काठ बराच मागे जातो. मित्राने डिसेंबरमध्ये जिथे उभे राहून फोटो काढला, तिथे फेब्रुवारीत पाणी नसेलही. उघड्या पडलेल्या जमिनीवर वर वाळलेली खपली आणि खाली गाळ असतो. एक पाय ओढून काढायला जावे तर दुसरा आणखी रुततो.

पोहता येत असेल तर?

स्विमिंग टँकमध्ये तळ दिसतो, कठडा हाताशी असतो. इथे दोन्ही नाही. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे चार फूट पाणी वरून साधारण तीन फूटच वाटते. त्यात पोटात दारू असेल तर अंदाज आणखी चुकतो. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली जात असताना आवाज फुटत नाही. काठावरच्या मित्रांना तो मजा करतोय असेच वाटते. प्राणवायू न मिळाल्यास चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’चे स्वयंसेवक कितीही तत्पर असले, तरी इतक्या वेळात घाट उतरून पोहोचणे अवघडच.

आणि पावसाळ्यात?

तेव्हा तंबूचा विचारच नको. 30 जून 2024 रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळी पाण्यात उतरण्यावर बंदीचे आदेश काढले. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही, हेच त्या दुर्घटनेचे कारण होते.

बुकिंगच्या वेळी काय विचारायचे?

पॅकेजमध्ये रात्रीचे जेवण, सकाळचे पोहे, संगीत सगळे असते. जीवरक्षक असेलच असे नाही. म्हणून मेन्यूआधी तेच विचारा. लाइफ जॅकेट किती आहेत, दोर आणि हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवलेली असते का, तंबू पाण्यापासून किती अंतरावर आहेत? बोटीत बसणार असाल तर जॅकेटचे पट्टे बांधूनच बसा. नुसते खांद्यावर अडकवलेले जॅकेट पाण्यात पडताच निघून जाते. कोणी बुडताना दिसले तर मागोमाग उडी मारू नका. दोर, बांबू, रिकामा पाण्याचा कॅन, जे हाताशी असेल ते फेका आणि दुसऱ्याला 112 लावायला सांगा. तिथे नेटवर्क कधी कधी दगा देते, म्हणून कोणाच्या फोनला रेंज आहे हे पोहोचल्या पोहोचल्या पाहून ठेवा.