पॉलिगॉन म्हणजे काय? थ्रीडीच्या कोर्सची फी भरण्याआधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की ॲनिमेशन आणि गेमिंगच्या कोर्सच्या जाहिराती सुरू होतात. फी काही थोडीथोडकी नसते. घरातला मुलगा किंवा मुलगी ‘मला थ्रीडी मॉडेलिंग शिकायचंय’ म्हणते, आणि अम्मी-अब्बांना प्रश्न पडतो की यात हुनर किती आणि नुसतं बटणं दाबणं किती? हे ओळखायचं असेल तर एक शब्द समजून घेतला की बरंचसं काम होतं. तो शब्द म्हणजे पॉलिगॉन.

बिंदू, कड आणि तुकडा

पॉलिगॉन म्हणजे शाळेच्या भूमितीत शिकलेला बहुभुज. कॉम्प्युटरला गोल गाल किंवा घुमट ‘दिसत’ नाही. त्याच्याकडे असतात फक्त बिंदू, आणि प्रत्येक बिंदूची जागा सांगणारे तीन आकडे: लांबी, रुंदी, उंची. दोन बिंदू जोडले की कड होते. कडांनी चारी बाजूंनी किंवा तिन्ही बाजूंनी बंद झालेला तुकडा म्हणजे पॉलिगॉन. असे तुकडे कडेला कड लावून जोडत गेलं की जाळी तयार होते. तिलाच मेश म्हणतात.

ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर उघडलं की समोर एक ठोकळा दिसतो. त्यात ८ बिंदू, १२ कडा आणि ६ चौकोन. त्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळणारा साधा गोळा घेतला तर त्यात ४८२ बिंदू आणि ५१२ तुकडे असतात. एवढं असूनही जवळून बघितलं तर त्याची बाहेरची कड कोनाकोनाची दिसते. म्हणजे पडद्यावरचा ‘गोल’ सपाट तुकड्यांचाच असतो.

मग चेहरे इतके गुळगुळीत कसे दिसतात? याचं एक उत्तर १९७१ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात हेन्री गुरो यांनी दिलं. तुकड्याच्या कोपऱ्यांवर उजेड किती पडतो ते मोजायचं आणि मधल्या भागात तो हळूहळू मिसळत न्यायचा. त्यासाठी त्यांनी आपल्या पत्नीच्या चेहऱ्यावर रेघा आखून त्याचे पॉलिगॉन मोजले होते. आकार तोच राहतो, पण डोळ्याला जोड दिसत नाहीत.

त्रिकोण की चौकोन?

तीन पायांची तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांच्या खुर्चीचा एक पाय आखूड असला की ती हलते. पॉलिगॉनचंही तसंच आहे. तीन बिंदू नेहमी एकाच सपाटीत बसतात, चौथा बसेलच असं नाही. म्हणून ग्राफिक्स कार्ड शेवटी सगळ्याचे त्रिकोण करूनच चित्र काढतं. ठोकळ्याच्या ६ चौकोनांचे १२ त्रिकोण होतात.

पण मॉडेल बनवणारा माणूस सहसा चौकोनांत काम करतो. चौकोन ओळीने लावले की कडांची सलग वर्तुळं तयार होतात. डोळ्याभोवती आणि ओठांभोवती अशी वर्तुळं असतील तर पापणी मिटताना, हसताना कातडी बरोबर दुमडते. जाळी कशीही लावली असेल तर उभ्या चित्रात पात्र छान दिसेल, पण बोलायला लागलं की गाल चुरगळेल.

जास्त म्हणजे चांगलं, असं नाही

एका बटणावर प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन करता येतात. कॅटमुल आणि क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. आता हिशेब बघा. ६ चौकोनांचा ठोकळा पहिल्या वेळी २४ चौकोनांचा होतो, मग ९६, मग ३८४, मग १५३६, आणि पाचव्या वेळी ६१४४. पाच क्लिक आणि हजारपट!

सिनेमात एक चित्र तयार व्हायला तासभर लागला तरी चालतं. गेमला मात्र सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं दाखवायची असतात, तीही अनेकदा साध्या मोबाईलवर. म्हणून जिथे वळण आहे, जिथे हालचाल आहे तिथे पॉलिगॉन खर्च करायचे आणि सपाट भिंतीवर वाचवायचे. घरखर्चासारखंच हे! कुठे वाचवायचं हे कळणं, यातच खरा हुनर आहे.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक तुकड्याला सुलटी आणि उलटी बाजू असते. गेममध्ये उलटा पडलेला तुकडा बहुधा दिसतच नाही, तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये तर अशा चुकीने वस्तू बिघडू शकते.

पालकांनी काय बघावं?

कोर्सवाले चकचकीत चित्रं दाखवतात. त्यांना सांगा, ‘विद्यार्थ्यांच्या मॉडेलची जाळी दाखवा.’ रंग काढून नुसत्या कडा दाखवण्याची सोय प्रत्येक थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये असते. मग विचारा: यात पॉलिगॉन किती? डोळ्यांभोवती वर्तुळं आहेत का? पात्र हलवून दाखवाल का? ज्याला शिकवता येतं तो या प्रश्नांनी खूश होईल. जो उत्तर टाळतो, त्याच्याकडे फी भरण्याआधी दोनदा विचार करा.

आणि फी भरण्याआधी दोन-तीन महिने घरीच करून बघायला काय हरकत आहे? ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहे. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ त्याच ब्लेंडरमध्ये बनला. मुलांना आधी घरातली एखादी वस्तू बनवायला सांगा: चहाचा कप, बाकडं, दाराची कडी. तोच कप पुन्हा निम्म्या पॉलिगॉनमध्ये बनवायला सांगा. दुसऱ्यांदाही तो कपच वाटला आणि मुलगा कंटाळला नाही, तर समजा, या कामात त्याचं मन आहे.